डिस्क-समूह, स्तरित : माहितीची विकृती

अनेक डिस्क एकत्र जोडून त्यांना संगणकापुढे एकच मोठी डिस्क म्हणून उभे करणाऱ्या रचनेस डिस्क-समूह म्हणतात. अशा समूहांनाच डिस्क मानून त्यांचा वरच्या पातळीवर आणखी एक समूह बांधला, म्हणजे स्तरित डिस्क-समूह तयार होतो. घरातील मडक्यांच्या उतरंडीशी या रचनेचे साम्य आहे : वरचे मडके खालच्याच्या तोंडावर टेकलेले असते, जमिनीशी त्याचा थेट संबंध नसतो. ही जोडणी स्वतंत्र नियंत्रक मंडलाने न करता संगणकाच्या परिचालन प्रणालीतील कार्यक्रमांनी केली असेल, तर समूह सॉफ्टवेअर-रचित होय. अशा समूहांत साठविलेली माहिती विकृत कशी होते, ती विकृती बराच काळ ध्यानात का येत नाही आणि तिच्यावर कोणते उपाय आहेत, यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

विकृती आणि नाश यांत प्रथमच भेद केला पाहिजे. डिस्क बंद पडली किंवा तिच्यावरील एखादा भाग वाचता येईनासा झाला, तर तसे संगणकाला कळते; मागितलेली माहिती मिळत नाही आणि दोष उघड होतो. विकृतीत मात्र डिस्क उत्तर देते. ते उत्तर चुकीचे असते इतकेच. मागणी करणाऱ्या कार्यक्रमाला ते बरोबरच वाटते. डिस्क-समूहांची मूळ कल्पना पहिल्या प्रकारच्या आपत्तीसाठी योजिलेली आहे, दुसऱ्या प्रकारासाठी नव्हे. ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळेच 'दोन प्रती आहेत, म्हणजे माहिती सुरक्षित आहे' असा समज रूढ झालेला आढळतो.

मूळ प्रकार : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेतील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात स्वस्त डिस्कांच्या समूहाचे वर्गीकरण मांडले. तेथपासून 'रेड' ही आद्याक्षरी संज्ञा रूढ झाली. तिच्यातील 'स्वस्त' या अर्थाच्या शब्दाची जागा पुढे 'स्वतंत्र' या अर्थाच्या शब्दाने घेतली. आज व्यवहारात येणाऱ्या प्रकारांपैकी तीन येथे आवश्यक आहेत. रेड-० मध्ये माहितीचे सारख्या लांबीचे खंड पाडून ते डिस्कांवर आळीपाळीने लिहितात. वेग वाढतो, पण एक डिस्क गेली तरी सर्व समूह निकामी होतो. रेड-१ मध्ये तीच माहिती दोन किंवा अधिक डिस्कांवर जशीच्या तशी लिहितात. रेड-५ मध्ये खंडांबरोबर त्यांच्यावरून काढलेला समता-खंडही लिहितात; त्यायोगे कोणतीही एक डिस्क गेल्यास तिच्यावरील माहिती इतर डिस्कांवरून पुन्हा काढता येते.

या प्रकारांची सांगड घालून स्तरित समूह बनतात. आधी डिस्कांच्या जोड्या करून त्यांवर रेड-१ आणि त्या जोड्यांवर रेड-० रचल्यास रेड १+० मिळतो. हाच क्रम उलटा केल्यास रेड ०+१ होतो, तर अनेक रेड-५ समूहांवर रेड-० रचल्यास रेड-५० होतो. क्रमाचे महत्त्व पुढील साध्या हिशेबावरून दिसेल. चार डिस्कांच्या रेड १+० मध्ये एक डिस्क गेल्यानंतर उरलेल्या तिहींपैकी फक्त एकच, म्हणजे तिची जोडीदार, गेली तर माहिती नष्ट होते. रेड ०+१ मध्ये मात्र पहिली डिस्क जाताच तिचा सबंध पट्टा निकामी होतो आणि उरलेल्या तिहींपैकी दुसऱ्या पट्ट्यातील दोन डिस्का, त्यांतील कोणतीही एक गेली तरी, घातक ठरतात. डिस्क तेवढ्याच आणि खर्चही तेवढाच, तरी धोका दुप्पट होतो.

स्तरांचे परस्परसंबंध : लिनक्स या परिचालन प्रणालीत डिस्क-समूह चालविणाऱ्या विभागास 'एमडी' म्हणतात आणि त्याचे व्यवस्थापन 'एमडीएडीएम' या उपयुक्त कार्यक्रमाने होते. नील ब्राउन यांनी या दोहोंची जबाबदारी दीर्घकाळ सांभाळली. एमडीने बनविलेला प्रत्येक समूह बाहेरून एका डिस्कसारखाच दिसतो. म्हणूनच त्यावर दुसरा समूह, त्यावर जागेचे विभाजन करणारा एलव्हीएम आणि त्यावर फाइल पद्धती अशी उतरंड हवी तितकी वाढविता येते.

डिस्क म्हणजे क्रमांक दिलेल्या कप्प्यांची रांग. 'अमुक कप्पा वाच' आणि 'अमुक कप्प्यात हे लिही' एवढ्याच तिला कळणाऱ्या आज्ञा. वरच्या स्तराला खालचा स्तर याच रूपात दिसतो. त्याच्या खाली एक डिस्क आहे की दहा, प्रती आहेत की समता, हे त्याला ठाऊक नसते. खालच्या स्तरालाही कप्प्यात काय आहे, त्याचा अर्थ काय, ते योग्य जागी आले आहे की नाही, हे ठाऊक नसते. ही परस्परांविषयीची अनभिज्ञता हा रचनेचा गुण आहे. तिच्यामुळेच स्तर सुटे सुटे तयार करता येतात. पण तोच तिचा दोषही आहे. वरच्या स्तराने चुकीच्या कप्प्यात लिहिले, तर खालचा रेड-१ ती चूक दोन्ही डिस्कांवर अगदी निष्ठेने उतरवितो. दोन प्रती तंतोतंत जुळतात, तपासणीत एकही तफावत निघत नाही आणि माहिती मात्र विकृत झालेली असते. खालच्या स्तरावरील प्रतींनी वरच्या स्तरावरील चुकीपासून कोणतेही संरक्षण मिळत नाही. पुढे दिलेले लिनक्समधील उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

लिनक्समधील रेड-० चा दोष (२०१४–१९) : मार्च २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स कर्नलच्या ३.१४ या आवृत्तीत, मोठ्या मागणीचे तुकडे पाडण्याची पद्धत सोपी करण्यासाठी एक सुधारणा करण्यात आली. अनेक विभागांतील कार्यक्रम त्यासाठी थोडेथोडे बदलावे लागले. रेड-० त्यांपैकी एक होता. या एका बदलातून तीन निरनिराळे दोष निर्माण झाले. ते एकाच वेळी उघडकीस आले नाहीत. पहिले दोन सुमारे वर्षभराने आणि तिसरा तब्बल पाच वर्षांनी ध्यानात आला.

पहिला दोष खंडाच्या लांबीसंबंधीचा होता. ही लांबी दोनचा घात नसेल (उदा., ६४ किलोबाइट ऐवजी ४८), तर कप्प्याचा पत्ता चुकीचा निघत असे. अशी लांबी कोणी क्वचितच निवडतो, म्हणून या दोषाचा उपद्रव मर्यादित राहिला. एप्रिल २०१५ मध्ये त्याची दुरुस्ती झाली.

दुसरा दोष या दुरुस्तीतच दडलेला होता. पत्त्याचा आकडा हिशेबात बदलला जात असल्यामुळे तो मूळ मागणीवरून पुन्हा घ्यावा, अशी एक ओळ दुरुस्तीत घातली होती. ओळ बरोबर होती, जागा चुकली. ती येण्यापूर्वीच मागणीचा पहिला तुकडा कापून मागणी पुढे सरकविलेली असे. परिणामी लांबी एका तुकड्याची आणि पत्ता त्याच्या पुढच्या तुकड्याचा, अशी गल्लत होऊ लागली. सामान्य वाचन-लेखनाच्या मागण्या खंडाच्या सीमेआतच राहत असल्याने त्यांना बाधा आली नाही. परंतु अर्धवाहक डिस्कांच्या बाबतीत फाइल पुसली की 'एवढी जागा आता रिकामी समज' अशी आज्ञा डिस्कला पाठविण्याची सोय असते. ही आज्ञा एका वेळी अनेक खंड व्यापते. तिचे तुकडे पाडताना शेवटून दुसरा तुकडा पूर्ण एका खंडाच्या लांबीनिशी शेवटच्या खंडावर जाऊन पडे. मूळ आज्ञा त्या खंडाच्या आरंभीच्या भागापुरतीच असली, तरी सबंध खंड रिकामा होई. त्या उरलेल्या भागात दुसऱ्याच एखाद्या फाइलीचा मजकूर असे. थोडक्यात, एक फाइल पुसली असता तिच्याशी काहीही संबंध नसलेल्या दुसऱ्या फाइलीचा मजकूर नाहीसा होई.

मे २०१५ मध्ये या तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा पहिला संशय एक्स्ट-४ या फाइल पद्धतीवर गेला. हे स्वाभाविकच होते. मजकूर फाइलींतून नाहीसा होत होता आणि फाइलींचा कारभार त्या पद्धतीकडे होता. खरा दोष तिच्या खालच्या स्तरात होता. ती ओळ दोन-चार ओळी वर हलविताच तो दूर झाला. रेड १+० मध्ये हाच रेड-० वरच्या स्तरावर असतो आणि खालचा रेड-१ रिकामे करण्याची आज्ञा दोन्ही डिस्कांना पोचवितो. त्यामुळे मजकूर दोन्ही प्रतींतून एकदमच जाई.

तिसरा दोष सर्वांत सूक्ष्म आणि स्तरित समूहांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होय. रेड-० चे सभासद सारख्याच आकाराचे असले पाहिजेत, असे एमडीत बंधन नाही. आकार निरनिराळे असल्यास समूहाचे विभाग पडतात. सर्वांत लहान सभासदाच्या आकारापर्यंत पहिला विभाग सर्व सभासदांवर पसरतो. त्यापुढचा विभाग उरलेल्या मोठ्या सभासदांवर पसरतो. रेड १+० मध्ये सभासद म्हणजे डिस्कांच्या जोड्या. जुन्या जोड्यांच्या शेजारी काही वर्षांनी नवी, मोठी जोडी बसविण्याचा प्रघात लहान कार्यालयांतून असतो आणि समूह नव्याने बांधला की विषम विभाग आपोआपच तयार होतात.

समजा, अ, ब व क या तीन जोड्यांत अनुक्रमे ७, ७ व ५ खंड मावतात. पहिल्या विभागात तिन्ही जोड्यांवरील पाच-पाच मिळून १५ खंड येतील. त्यांचे क्रमांक ० ते १४. दुसऱ्या विभागात अ व ब यांवरील दोन-दोन मिळून चार खंड, क्रमांक १५ ते १८. आता खंड १५ कोणत्या जोडीवर ठेवावा ? ३.१४ पूर्वीचे कर्नल समूहाच्या आरंभापासूनच्या क्रमांकाला सभासदांच्या संख्येने भागून बाकी पाहत असे. १५ ला २ ने भागून बाकी १ उरते, म्हणून खंड दुसऱ्या जोडीवर, म्हणजे ब वर जाई. नंतरचे कर्नल विभागाच्या आरंभापासूनचा क्रमांक घेऊ लागले. त्या मोजणीने हा खंड शून्य क्रमांकाचा ठरतो आणि अ वर जातो. दोन्ही पद्धती आपापल्या परीने निर्दोष आहेत. कोणत्याही एकीने लिहिलेले तिनेच वाचले, तर चूक होत नाही. परंतु जुन्या कर्नलने लिहिलेला समूह नव्याने वाचला की दुसऱ्या विभागातील प्रत्येक खंडाच्या जागी शेजारच्या जोडीवरील खंड हाती येतो. क मध्ये पाचऐवजी सहा खंड असते, तर दुसरा विभाग १८ पासून, म्हणजे सम क्रमांकापासून सुरू झाला असता आणि दोन्ही पद्धतींचे उत्तर एकच आले असते. दोष इतका काळ झाकलेला राहण्याचे एक कारण हे होय. त्यातच समूह भरत भरत दुसऱ्या विभागापर्यंत पोचल्याशिवाय विकृतीला वावच नसतो. अर्ध्या रिकाम्या समूहात ती दिसत नाही.

यानंतरची अवस्था अधिकच बिकट असते. नव्या कर्नलखाली समूह काही काळ वापरात राहिला, म्हणजे दुसऱ्या विभागात काही मजकूर जुन्या पद्धतीने आणि काही नव्या पद्धतीने लिहिलेला असतो. कोणता खंड कोणत्या पद्धतीचा, हे डिस्कवर कोठेही नोंदलेले नसते. म्हणून हा दोष केवळ कार्यक्रम दुरुस्त करून दूर होण्यासारखा नव्हता. जुनी पद्धत परत आणावी तर गेल्या पाच वर्षांत बांधलेले समूह बिघडणार, नवी ठेवावी तर त्यापूर्वीचे. २०१९ मध्ये ब्राउन यांनी यावर वेगळाच तोडगा काढला. नोव्हेंबर २०१९ मधील ५.४ या आवृत्तीपासून, विषम विभागांचा रेड-० कोणत्या पद्धतीचा आहे हे व्यवस्थापकाने स्पष्ट सांगितल्याशिवाय कर्नल तो सुरूच करीत नाही. अनेकांचे समूह त्यामुळे नवी आवृत्ती घालताच उभे राहीनात आणि नाराजी झाली. तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते हा निर्णय योग्यच होता : अंदाजाने चुकीचे उत्तर देण्यापेक्षा उत्तर नाकारणे हे साठवण यंत्रणेचे पहिले कर्तव्य आहे. पुढे एमडीएडीएमच्या ४.२ या आवृत्तीत ही पद्धत समूहाच्या ओळखखंडातच नोंदण्याची सोय झाली.

या सर्व काळात खालच्या रेड-१ जोड्या निरोगी होत्या. प्रत्येक जोडीतील दोन्ही डिस्क तंतोतंत जुळत होत्या. एमडीतच रेड-१० हा एकसंध प्रकारही उपलब्ध आहे. त्यात सर्व डिस्क सर्वांत लहान डिस्कच्या आकाराइतक्याच वापरल्या जातात, म्हणून विभाग पडत नाहीत आणि हा विशिष्ट दोष तेथे उद्भवत नाही.

ओळखीचा घोटाळा : एखादी डिस्क कोणत्या समूहाची, कितव्या क्रमांकाची व शेवटची केव्हा अद्ययावत झाली, ही माहिती तिच्यावर राखून ठेवलेल्या छोट्या भागात, म्हणजे ओळखखंडात लिहिलेली असते. एमडीच्या ०.९० व १.० या आराखड्यांत ओळखखंड डिस्कच्या शेवटी असतो, १.१ मध्ये अगदी आरंभी आणि १.२ मध्ये आरंभापासून ४ किलोबाइट अंतरावर. शेवटी ओळखखंड असलेल्या रेड-१ ची प्रत्येक डिस्क आरंभापासून वाचली, तर ती सबंध समूहासारखीच दिसते. त्या समूहावर एलव्हीएम रचलेला असेल, तर त्याची खूण समूहावरही दिसते आणि सुट्या डिस्कांवरही. संगणक सुरू होताना काही कारणाने समूह वेळेवर जुळला नाही, तर एलव्हीएम ती खूण सुट्या डिस्कवर पाहून तीच डिस्क वापरावयास घेऊ शकतो. मग सर्व लेखन एकाच डिस्कवर होते, दुसरी जुनीच राहते. आणि एमडीच्या नोंदींत हे काहीच नसते. पुढच्या वेळी समूह नीट जुळला की एमडी दोन्ही डिस्क एकसारख्या आहेत असे गृहीत धरून वाचनाची मागणी कधी एकीकडे, कधी दुसरीकडे पाठविते. त्यामुळे तीच फाइल एकदा आजची तर एकदा महिन्यापूर्वीची दिसू लागते. अनुभवी व्यवस्थापकांनाही गोंधळात टाकणारे हे लक्षण आहे. एलव्हीएममध्ये समूहाचे घटक ओळखून ते वगळण्याची सोय आहे. ती बंद करू नये.

स्तरांची संख्या वाढली की जुळणीच्या क्रमाचा प्रश्नही वाढतो. खालच्या सर्व जोड्या उभ्या राहिल्याशिवाय वरचा समूह जुळविता येत नाही. रेड ०+१ मध्ये एखादा पट्टा उशिरा उभा राहिला, तर वरचा रेड-१ उरलेल्या एका पट्ट्यावरच अपुऱ्या स्थितीत सुरू होऊ शकतो. ओळखखंडातील घटनाक्रमांकावरून एमडी मागे पडलेला सभासद ओळखते. परंतु दोन्ही अर्धे वेगवेगळ्या वेळी स्वतंत्रपणे चालविले गेले असतील, तर कोणते खरे, हा निवाडा यंत्राच्या आवाक्याबाहेरचा असतो.

लेखनाचा क्रम : वीज अचानक गेली तरी फाइल पद्धती सुसंगत राहावी, यासाठी काही मजकूर दुसऱ्या मजकुराच्या आधी डिस्कवर निश्चितपणे उतरला पाहिजे. त्यासाठी 'आतापर्यंतचे सर्व प्रत्यक्ष लिहून टाक' अशी आज्ञा दिली जाते आणि ती उतरंडीतील प्रत्येक स्तराने खाली पोचविली पाहिजे. फेब्रुवारी २०१० मधील २.६.३३ या आवृत्तीपर्यंत एमडीत ही सोय फक्त रेड-१ मध्ये होती. साहजिकच रेड-१ च्या वर रेड-० असेल, तर आज्ञा वरच्या स्तरावरच अडे आणि खालची सोय निरुपयोगी ठरे. रेड-५ मध्ये वेगळी अडचण आहे. खंड व त्याचा समता-खंड वेगवेगळ्या डिस्कांवर असल्याने, दोन लेखनांच्या मधल्या क्षणी वीज गेल्यास ते परस्परांशी विसंगत राहतात. नंतर एखादी डिस्क गेली, की या विसंगत समतेवरून काढलेला मजकूर चुकीचा निघतो. जानेवारी २०१६ च्या ४.४ या आवृत्तीपासून एमडीत यासाठी स्वतंत्र नोंदवही ठेवता येते.

तपासणी व तिच्या मर्यादा : एमडीला सर्व डिस्क आरंभापासून शेवटपर्यंत वाचून प्रती किंवा समता जुळतात का, हे पाहावयास सांगता येते. अनेक वितरणांत ही तपासणी ठराविक काळाने आपोआप होते. तिच्यामुळे वाचता न येणारे कप्पे वेळीच सापडतात, हा मोठा लाभ आहे. विकृतीविषयी मात्र ती फारसे सांगू शकत नाही. दोन प्रती जुळत नसतील, तर तफावत आहे एवढेच कळते, खरी प्रत कोणती हे कळत नाही. दुरुस्तीची आज्ञा दिल्यास रेड-१ मध्ये एका प्रतीवरून दुसरी लिहिली जाते आणि रेड-५ मध्ये खंड खरे मानून समता नव्याने काढली जाते. खंडच विकृत असेल, तर शुद्ध मजकूर परत मिळविण्याचे एकमेव साधन असलेली जुनी समता या दुरुस्तीने पुसली जाते. २००८ मध्ये अँड्र्यू क्रिऊकॉव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेड रचनांच्या विश्लेषणात हा 'समता दूषित होण्याचा' प्रकार सविस्तर दाखवून दिला. रेड-१ मध्ये तफावतीचा आकडा शून्य नसला म्हणून घाबरून जाण्याचेही कारण नाही. लिहिण्याच्या क्षणीच स्मृतीतील मजकूर बदलत असेल, उदा., अदलाबदलीच्या जागेत, तर दोन डिस्कांवर किंचित भिन्न प्रती उतरतात. तो मजकूर पुन्हा कधी वाचलाही जात नाही.

डिस्कांची स्वतःची विकृती किती संभवनीय आहे, याचा अंदाज लक्ष्मी बैरवसुंदरम् व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीवरून येतो. त्यांनी १५.३ लाख डिस्कांची ४१ महिन्यांची नोंद अभ्यासली. तीत पडताळा-अंक न जुळल्याची ४ लाखांहून अधिक उदाहरणे आढळली. स्वस्त वर्गातील डिस्कांत हे प्रमाण महाग वर्गाच्या तुलनेने सुमारे दहापट होते.

उपाय : यावरील मूलभूत उपाय म्हणजे मजकुराबरोबर त्याचा पडताळा-अंक साठविणे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत तयार झालेल्या झेडएफएस या फाइल पद्धतीत प्रत्येक खंडाचा पडताळा-अंक त्या खंडाशेजारी न ठेवता त्याचा पत्ता बाळगणाऱ्या वरच्या खंडात ठेवतात. यामुळे खंड बिघडला आहे एवढेच नव्हे, तर चुकीच्या जागेचा खंड हाती आला आहे, हेही कळते. वर वर्णिलेला तिसरा दोष अशा पद्धतीपुढे पहिल्याच वाचनात उघडा पडला असता.

मात्र पडताळा उतरंडीत कोठे बसविला आहे, यावर त्याचा उपयोग अवलंबून असतो. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस एमडीच्या समूहावर रचली, तर विकृती कळते, पण सुधारत नाही. कारण 'ही प्रत चुकीची आहे, दुसरी दे' असे खालच्या एमडीला सांगण्याची सोय त्यांच्यात नाही. फाइल पद्धतीकडेच थेट डिस्क सोपविल्या, तर चुकीची प्रत टाकून ती दुसरी घेऊ शकते. याच्या उलट, जुलै २०१७ मधील ४.१२ या आवृत्तीपासून उपलब्ध असलेला 'डीएम-इंटेग्रिटी' हा स्तर प्रत्येक डिस्क आणि एमडी यांच्या मध्ये बसवितात. पडताळा जुळला नाही की तो वाचनाचा दोष म्हणून कळवितो. डिस्कचे खोटे उत्तर अशा रीतीने मौनात बदलते आणि मौनावरचा इलाज एमडीला ठाऊक असतोच. ते दुसऱ्या प्रतीवरून मजकूर घेते व बिघडलेला कप्पा पुन्हा लिहिते. परंतु वरच्या रेड-० ने चुकीचा पत्ता काढला, तर हा खालचा पडताळाही तो मजकूर शुद्ध म्हणूनच प्रमाणित करील. डिस्कच्या दोषासाठी पडताळा तळाशी हवा आणि स्तरांच्या दोषासाठी माथ्याशी. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. यासाठी लागणारी जागा व वेळ पाहता, दोनपेक्षा अधिक स्तर रचण्यापूर्वी एखादा स्तर कमी करता येईल का, हे पाहणे अधिक शहाणपणाचे होय.

विकृतीची शंका आल्यास समूह ताबडतोब केवळ वाचनासाठी उघडावा आणि पुनर्जुळणी किंवा दुरुस्ती आपोआप सुरू होऊ देऊ नये. कारण या क्रिया उरलेला पुरावा खोडून टाकतात. प्रत्येक डिस्कचा ओळखखंड वाचून तिचा क्रमांक, खंडाची लांबी, आराखडा आणि मजकुराच्या आरंभाचे अंतर लिहून घ्यावे. स्तरित समूहात हे काम तळापासून वर, प्रत्येक स्तरासाठी स्वतंत्रपणे करावे लागते. समूह 'नव्याने निर्माण करण्याची' आज्ञा देऊन तो सावरण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. एमडीएडीएमच्या निरनिराळ्या आवृत्त्या आराखडा आणि आरंभाचे अंतर निरनिराळे गृहीत धरतात; त्यामुळे जुना समूह नव्या आवृत्तीने असा निर्माण केल्यास सर्व मजकूर काही कप्पे सरकलेला दिसतो. खालच्या स्तरावर हे घडले, तर वरच्या स्तराचा ओळखखंडही सापडेनासा होतो. असे प्रयोग करणे अपरिहार्यच असेल, तर प्रत्येक डिस्कपुढे लेखन अन्यत्र वळविणारा तात्पुरता पडदा उभारून ते त्याच्यावर करावेत. मूळ डिस्कवर त्यामुळे एक अक्षरही उमटत नाही आणि जुळणी फसली, तर पडदा काढून टाकून दुसऱ्या क्रमाने ती पुन्हा करता येते.